जिगोरो कानो : डावांमागील तत्त्वाचा शोध

जपानमध्ये १८६० साली जन्मलेले जिगोरो कानो किरकोळ शरीरयष्टीचे होते. दांडग्या सहाध्यायांचा जाच सोसून ते जुजुत्सू ही कुस्तीविद्या शिकू लागले. दोन परंपरांचे अनेक डाव अवगत झाले. १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात, १२ चटयांएवढ्या जागेत, त्यांनी ज्युदोची कोदोकान शाळा उघडली. तरीही डाव यशस्वी का होतो, याचा शोध चालूच होता. गुरूंशी सराव करताना उकल झाली : प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी ढळला की अल्प बळही पुरते. शक्तीचा सुयोग्य विनियोग आणि परस्परकल्याण, ही दोन सूत्रे त्यांनी पुढे शिकवली. १९३८ मध्ये ते निवर्तले. बलवानाचे ताकदीवर निभावते. दुर्बलाला तत्त्वच तारते. म्हणूनच प्रश्नोत्तरे पाठ करणाऱ्या आमच्या मुलांपुढे आम्ही हे चरित्र ठेवीत आहोत.