छत्रपती राजाराम महाराजांचा अखेरचा प्रवास

रंकाळ्यास एक पूर्ण फेरी घालून आपण निघाल्या ठिकाणी परत आलो, तर पाय दुखतील इतके अंतर चालून होते. परंतु विस्थापन शून्यच राहते. अंतर म्हणजे चाललेल्या वाटेची संपूर्ण लांबी. विस्थापन म्हणजे आरंभस्थानापासून अंतिम स्थानापर्यंतची सरळ लांबी आणि तिची दिशा. पदार्थविज्ञानातील हा भेद आपल्याच नगरीच्या एका तरुण छत्रपतींच्या चरित्रात मोठ्या करुण रीतीने प्रत्ययास येतो.

राजाराम महाराजांचा जन्म १८५० साली पाटणकर घराण्यात झाला. मूळ नाव नागोजीराव. १८६६ साली बाबासाहेब महाराज निवर्तल्यावर दत्तक या नात्याने ते करवीरच्या गादीवर आले. समुद्रपर्यटन निषिद्ध मानले जाई अशा त्या काळी, १८७० साली, ते विलायतेस गेले. तेथे त्यांनी महाराणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, आणि इंग्रजीत रोजनिशी लिहिली; ती कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली प्रसिद्ध केली.

युरोपातून स्वदेशी परतत असता महाराज आजारी पडले, व ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, कैलासवासी झाले. तेथे दहनाची चाल नव्हती. तथापि खास परवानगी मिळून आर्नो व मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर अग्निसंस्कार झाला. १८७४ साली तेथे छत्री व अर्धपुतळा उभारण्यात आला.

आता गणित पाहा. कोल्हापूर, मुंबई, समुद्र, लंडन, फ्लॉरेन्स अशा वळणावळणाच्या मार्गाची सारी लांबी हे महाराजांनी आक्रमिलेले अंतर. विस्थापन मात्र कोल्हापुराहून वायव्येस सुमारे ४,००० मैल. त्यांच्या सोबतची जी मंडळी घरी परतली, त्यांचे अंतर महाराजांहून हजारो मैल अधिक भरले, पण विस्थापन शून्य झाले. महाराजांचे विस्थापन तेवढे कायमचे राहिले.

विस्थापन केवळ दोन टोके पाहते; मधल्या वाटेवर काय पाहिले, काय शिकलो, हे ते सांगत नाही. ते महाराजांच्या रोजनिशीत आहे. ज्यांच्या नावाने आपल्या नगरीत राजाराम कॉलेज उभे आहे, त्या विद्याप्रेमी राजाची वाट लांबीने थोडकी असली, तरी व्यर्थ गेली नाही.