सरकारी नोकरी सोडून कॅमेरा धरणारे लाला दीनदयाळ

शिक्षण, दवाखाना, खरेदी, सोयरीक अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने बुऱ्हाणपूरच्या आपल्या घरांतून इंदूरला जाणे-येणे चालूच असते. त्याच इंदुरात, होळकरांच्या राज्यात, भारतातील एक थोर छायाचित्रकार घडला. त्यांचे नाव लाला दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात लागले. काम नकाशे आणि अंदाजपत्रकांचे. कॅमेरा हा फावल्या वेळचा छंद. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी या छंदाला आश्रय दिला. डेली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या सर हेन्री डेली यांनीही उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून दीनदयाळ यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे काढली.

आता प्रश्न उभा राहिला: पगाराची नोकरी की कॅमेरा? त्यांनी घाई केली नाही. आधी दोन वर्षांची रजा घेतली, धंदा जमतो याची खात्री करून घेतली आणि मगच नोकरी सोडली.

त्या काळी उघड्यावर छायाचित्र काढणे कष्टाचे होते. जुन्या पद्धतीत काचेवर ओले रसायन चढवून ते वाळायच्या आत छायाचित्र घ्यावे लागे आणि तिथेच धुवावे लागे, म्हणून काळोखाचा तंबूही बरोबर न्यावा लागे. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या. त्या क्षणार्धात प्रकाश टिपत, त्यामुळे हलती दृश्येही आवाक्यात आली. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारात गेल्यावर दीनदयाळ यांनी शिकार आणि लष्करी कवायती भरपूर टिपल्या. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन वाघाच्या शिकारीला हैदराबाद संस्थानात आले, तेव्हाचे त्यांच्या स्टुडिओचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे मारलेला वाघ, मागे शिकारी मंडळी, अशी त्याची मांडणी आहे.

माणसांची छायाचित्रे हा त्यांचा दुसरा आधार. पडद्यातील स्त्रियांची अडचण ओळखून १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ हा किताब दिला. सिकंदराबाद आणि मुंबईतही त्यांचे स्टुडिओ होते.

अखेरची वर्षे मात्र दुःखाची गेली. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद वारला आणि ५ जुलै १९०५ रोजी ते स्वतः गेले. स्टुडिओंचे वैभव पुढे ओसरले. तरी काचा जपल्या गेल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने २,८५७ काचेच्या निगेटिव्ह मिळवल्या. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले.

आपल्याही घरी आजी-आजोबांची छायाचित्रे ट्रंकेत पडून असतील. त्यातील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे आणि प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे.