चेहऱ्याची घडण उलगडणारे विल्हेल्म हिस

मानवी चेहरा गर्भात कसा आकाराला येतो, याचे निरीक्षणांवर आधारलेले पहिले सुसंगत चित्र मांडणाऱ्यांत स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. हृदयातील 'हिस बंडल'मुळे हे आडनाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित असते; पण ते शोधणारे हिस म्हणजे त्यांचे त्याच नावाचे चिरंजीव. पित्याचे कार्य सामान्य वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेच नाही.

बासेल येथे ९ जुलै १८३१ रोजी हिस यांचा जन्म झाला. बर्लिनमध्ये योहानेस म्युलर व रॉबर्ट रेमाक यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते बासेल विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८७२ मध्ये जर्मनीतील लाइपझिगला गेले.

त्या काळी काही मिलिमीटर लांबीच्या गर्भाची अंतर्रचना पाहणे अत्यंत अवघड होते. हिस यांनी १८६० च्या दशकात मायक्रोटोम हे यंत्र विकसित केले. त्यातून गर्भाचे अतिशय पातळ काप क्रमाने काढता येऊ लागले. प्रत्येक कापाचे रेखाटन करून, ती रेखाटने पुन्हा एकावर एक जुळवून ते संपूर्ण गर्भ उभा करीत. गर्भपातानंतर डॉक्टरांकडून मिळालेले मानवी भ्रूण त्यांनी अशा रीतीने अभ्यासले आणि १८८० ते १८८५ या काळात मानवी भ्रूणांच्या शरीररचनेवरील तीन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

चेहरा एकसंध उगवत नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावी तोंडाभोवती पाच उंचवटे दिसू लागतात: कपाळाकडून एक, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. ते वाढत एकमेकांना भिडतात. वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात. मग ते आडवे होतात, जीभ खाली सरकते आणि बाराव्या आठवड्यापर्यंत ते मध्यभागी सांधले जातात. हा सांधा राहून गेला की ओठ किंवा टाळू दुभंगलेले राहते, हे मत ट्युबिंगेनचे एमिल डुर्सी आणि हिस यांच्या नावाने ओळखले जाते. विसाव्या शतकात त्यात दुरुस्त्या झाल्या. तरीही जन्मव्यंगाचा दोष आईच्या मनावरील आघाताला किंवा अपशकुनाला देणाऱ्या समजुतींना त्याने सबळ पर्याय दिला. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे आपल्याकडेही सर्रास म्हटले जाते. ओठ जुळतो तेव्हा अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची नुकतीच चाहूल लागलेली असते, हे अशा वेळी कोणी लक्षात घेत नाही.

कोंबडीच्या भ्रूणात मज्जानलिका आणि त्वचा यांच्यामध्ये असलेला पेशींचा एक पट्टा हिस यांनी १८६८ मध्येच नोंदवला होता. चेहऱ्याची बहुतेक हाडे याच पेशींच्या स्थलांतरातून बनतात, हे मात्र त्यांच्या पश्चात उमगले.

अर्न्स्ट हेकेल यांच्याशी झालेला त्यांचा वाद गाजला. हेकेल यांनी १८६८ च्या पुस्तकात एकच ठसा तीनदा छापून तो कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण म्हणून दाखवला होता. बासेलच्याच रुटिमायर यांनी हे आधी उघड केले होते. १८७४ मध्ये हिस यांनी हा प्रकार पुन्हा चव्हाट्यावर आणून हेकेल यांच्या विश्वासार्हतेवरच बोट ठेवले. खप मात्र हेकेल यांच्याच पुस्तकांचा राहिला.

उतारवयात हिस यांचा चेहऱ्याशी वेगळ्याच कारणाने संबंध आला. लाइपझिगच्या योहानिस चर्चच्या परिसरात १८९४ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा ओकच्या शवपेटीत एका वृद्ध पुरुषाचा सांगाडा सापडला. १७५० मध्ये निधन पावलेले संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचा तो असावा, असा कयास होता. हिस यांनी अनेक मृतदेहांच्या चेहऱ्यांत सुई टोचून हाडावरील मांसाची जाडी मोजली. त्या मापांनुसार शिल्पकार कार्ल सेफनर यांनी कवटीच्या साच्यावर चेहरा घडवला आणि तो बाख यांच्या चित्रांशी जुळला. काही अभ्यासकांना ही ओळख आजही निर्विवाद वाटत नाही. ते अवशेष मात्र १९५० पासून थॉमस चर्चमध्ये आहेत.

१ मे १९०४ रोजी लाइपझिगमध्ये हिस यांचे निधन झाले. त्यांचे अमेरिकन शिष्य फ्रँकलिन मॉल यांनी बाल्टिमोरमध्ये मानवी भ्रूणांचा मोठा संग्रह उभारला. त्याच्याच आधारे पुढे ठरलेले २३ टप्पे पहिल्या आठ आठवड्यांतील गर्भाची वाढ सांगण्यासाठी आजही वापरले जातात.