सी. डी. देशमुख: तुमच्या यूपीआयच्या मागचा नियम

चहाचे दहा रुपये स्कॅन करून देताना टपरीवाला तुमची बँक कोणती हे विचारत नाही. पैसे येणार, हे त्याने धरलेलंच असतं. पण एकेकाळी बँका सर्रास बुडायच्या आणि लोकांच्या ठेवीही बुडायच्या. हे बदलण्यात चिंतामणराव देशमुखांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा जन्म 1896 चा, महाडजवळच्या नाते गावातला. मॅट्रिकला पहिले, 1918 च्या आयसीएस परीक्षेतही पहिले. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. फाळणीनंतर काही महिने ही एकच बँक भारत आणि पाकिस्तान दोघांचंही चलन सांभाळत होती. तेही त्यांनी निभावलं.

1949 हे वर्ष सगळ्यात महत्त्वाचं. 1 जानेवारीला रिझर्व्ह बँक सरकारी झाली आणि मार्चमध्ये बँकिंग कायदा लागू झाला. आता बँक चालवायला लायसन्स हवं आणि रिझर्व्ह बँक कधीही हिशेब तपासणार.

पुढे ते अर्थमंत्री झाले. 1955 मध्ये स्टेट बँक उभी राहिली. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. 1982 मध्ये ते गेले.

यूपीआय ॲप म्हणजे फक्त फ्रंटएंड. पैसे असतात खालच्या बँकेत. त्यामुळे एखादं नवं ॲप ‘इथे पैसे ठेवा’ म्हणालं, तर आधी बघा: मागे बँक कोणती आणि तिला लायसन्स आहे का?