दोन डॉलरांचा हिशेब

बँकेत शाखाधिकारी असताना माझ्या हाताखाली एक कबड्डीपटू लिपिक होता. सकाळी हजेरीपटावर सही करायची आणि बँकेच्या संघाबरोबर सरावाला जायचे, हा त्याचा दिनक्रम. खिडकीसमोर खातेदारांची रांग वाढली की त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून माझा पारा चढे. कागदोपत्री तो लिपिक, म्हणून मैदानावर हौशी. पगार खेळाचाच होता. नोंद तेवढी दुसऱ्या खात्यावर पडली होती. या सोयीच्या नोंदीची किंमत मला उमगली, ती पुढे जिम थॉर्पचे आयुष्य वाचताना. थॉर्पला अशी खुर्ची कोणी दिली नव्हती.

आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात, त्या प्रदेशात १८८७ च्या सुमारास सॅक अँड फॉक्स जमातीत त्याचा जन्म झाला. जुळा भाऊ लहानपणीच गेला. आईवडीलही तो विशीत पोचण्यापूर्वी वारले. १९०४ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल शाळेत आला. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांची भाषा आणि चालीरीती विसरायला लावण्यासाठी १८७९ मध्ये ही सरकारी शाळा सुरू झाली होती. तिथली मुले आसपासच्या शेतकऱ्यांकडे तुटपुंज्या मजुरीवर कामालाही धाडली जात. थॉर्पनेही ती मजुरी केली.

१९०७ मध्ये एके दिवशी मैदानावरून जाताना, अंगावरच्या कामाच्या कपड्यांतच, त्याने पावणेसहा फुटांची उडी सहज मारली. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर यांनी त्याला हेरले. १९११ मध्ये कार्लाइलने फुटबॉलमध्ये बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असे हरवले, तेव्हा त्यात थॉर्पच्या चार फील्ड गोलांचा वाटा होता. अशा सामन्यांना हजारोंची गर्दी होई. तिकिटांचा पैसा शाळेच्या क्रीडानिधीत जाई, प्रशिक्षकाचा पगारही त्यातूनच निघे. पळणाऱ्या मुलांच्या वाट्याला त्यातले फार थोडे येई. १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने शाळेची चौकशी केली, तेव्हा या निधीचा कारभारही चव्हाट्यावर आला.

१९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थॉर्प नॉर्थ कॅरोलायनातील रॉकी माउंट इथे बेसबॉल खेळला. मोबदला सामन्याला दोन डॉलरपासून आठवड्याला पस्तीस डॉलरपर्यंत. त्या काळी कॉलेजची बरीच मुले सुटीत असे खेळत, पण टोपणनावाने. थॉर्पने स्वतःचे नाव लावले. लपवण्यासारखे काही आहे, हेच त्याच्या ध्यानी आले नसावे.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली. जानेवारी १९१३ मध्ये एका वृत्तपत्राने रॉकी माउंटची गोष्ट छापली आणि चक्रे फिरली. थॉर्पने पत्र लिहून सारे कबूल केले. वॉर्नर आणि शाळेने आपल्याला काहीच ठाऊक नसल्याचे सांगितले; त्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. पदके परत घेतली गेली. हरकत तीस दिवसांत घ्यावी, असा स्पर्धेचा नियम होता. इथे सहा महिने उलटले होते. पण थॉर्पच्या बाजूने नियमावली उघडणारे कोणी नव्हते.

हौशीपणाचा हा नियम तरी कोणी केला? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील नौकानयनाच्या नियमांनी कारागीर आणि मजूर यांना हौशी मानायचेच नाकारले होते. ज्यांची चूल खेळावर अवलंबून नव्हती, त्यांनी पैसे न घेण्याला सद्गुण ठरवले. शिकागोचा धनिक बांधकाम व्यावसायिक अ‍ॅव्हरी ब्रंडेज स्टॉकहोमला थॉर्पबरोबर स्पर्धेत उतरला होता. पुढे १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षे तो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता. त्याने पदके परत दिली नाहीत.

थॉर्प पुढे उघडपणे व्यावसायिक झाला. बेसबॉल खेळला, कँटनच्या फुटबॉल संघाकडून खेळला, १९२० मध्ये आजच्या एनएफएलच्या पूर्वीच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. मैदान सुटल्यावर मात्र मिळेल ते काम केले. चित्रपटांत किरकोळ भूमिका, मंदीच्या काळात मजुरी. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. त्याच्या पत्नीने पार्थिव पेनसिल्व्हेनियातील एका गावाशी करार करून तिथे दिले. पर्यटक येतील या आशेने गावाने आपले नावच 'जिम थॉर्प' ठेवले. जिवंतपणी ज्याने आपल्या नावावर दोन डॉलर घेतले म्हणून शिक्षा भोगली, त्याच्या मृत्यूनंतर एक अख्खे गाव त्या नावावर कमाईची आशा धरून बसले!

तीस दिवसांचा नियम संशोधकांनी उकरून काढल्यावर, १९८३ मध्ये त्याच्या मुलांना पदके मिळाली. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद व्हायला २०२२ साल उजाडले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील कॉलेज खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेण्याची मुभा मिळाली होती. जुलै २०२५ पासून तर एका न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर.

पैशाने शिक्षण मागे पडेल, फुटबॉल-बास्केटबॉलची मुले सारे नेतील, मुलींच्या हाती फारसे उरणार नाही, असे आक्षेप आहेत. ते खोटे नाहीत. पण ते वाटपाबद्दलचे आहेत. पैसा मैदानावर कार्लाइलच्या काळापासून आहेच. ज्याच्या अंगमेहनतीतून तो येतो, त्याचे नावच खतावणीत नसावे, याला मी कोणत्याही बँकेत सही केली नसती. माझ्या त्या लिपिकाला मी उगाच बोल लावले. तो आपले कामच करत होता. नोंद तेवढी चुकीच्या रकान्यात होती.