दुर्गाबाई खोटे आणि आपले कलकत्ता

टॉलीगंजच्या न्यू थिएटर्स स्टुडिओचा विषय निघाला की आपले बंगाली स्नेही प्रमथेश बरुआ, सैगल, काननदेवी ही नावे अभिमानाने घेतात. त्या वास्तूशी एक मराठी नावही निगडित आहे, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असावी. ते नाव कै. दुर्गाबाई खोटे यांचे होय.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईच्या लाड घराण्यात झाला. वडील सॉलिसिटर, शिक्षण कॅथीड्रल शाळेत व सेंट झेवियर्स महाविद्यालयात, सासरचे खोटे घराणेही तालेवार. परंतु सासरी आर्थिक आपत्ती कोसळली आणि दोन लहान मुलांच्या या मातेवर अर्थार्जनाची वेळ आली. प्रथम त्यांनी शिकवण्या केल्या. १९३१ साली ‘फरेबी जाल’मध्ये लहानशी भूमिका स्वीकारताच कुलीन स्त्री पडद्यावर आली म्हणून गहजब उडाला. त्या मात्र खचल्या नाहीत. पुढल्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, मराठी व हिंदी अशा दोन्ही आवृत्त्यांत, त्यांनी तारामती उभी केली आणि आपली गाणीही स्वतःच गाइली.

त्या काळी नटनट्या कंपनीच्या मासिक वेतनावर बांधलेल्या असत. आम्हां सरकारी नोकरांस पहिल्या तारखेचे महत्त्व सांगावयास नको! दुर्गाबाईंनी मात्र चित्रपटागणिक करार करण्याचा मार्ग पत्करला. असे करणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. माझ्या मते हे धाडस आंधळे नव्हते. बोलपट नुकताच बोलू लागला होता. स्वच्छ वाणी, गाता गळा आणि एकाहून अधिक भाषा हे त्यांचे भांडवल होते व ते कोणत्याही प्रांतात चालणारे होते.

या स्वातंत्र्यामुळेच त्या कलकत्त्यास येऊ शकल्या. देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’मध्ये (१९३३) त्या मीरा झाल्या, बंगाली आवृत्तीतील मीरा चंद्रावतीदेवींची. पाठोपाठ ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’मध्ये (१९३४) पृथ्वीराज कपूर राम व दुर्गाबाई सीता होत्या. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला.

पुढे ‘अमर ज्योती’तील (१९३६) चाचेगिरी करणारी नायिका गाजली. १९३७ साली ‘साथी’ची निर्मिती व दिग्दर्शन त्यांनीच केले. स्त्रीने पडद्यावर यावे की न यावे, हाच वाद अजून शमला नव्हता, तेव्हा ही बाई कॅमेऱ्यामागे उभी राहून हुकूम सोडीत होती! बंगालच्या चित्रपट पत्रकार संघानेही १९४०च्या दशकाच्या आरंभी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला.

उतारवयात नट्यांना कामे मिळेनाशी होतात. दुर्गाबाईंनी त्यावरही तोड काढली होती. ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाईसारख्या चरित्रभूमिका चालू असतानाच त्यांनी लघुपट, माहितीपट व जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था चालविली. १९६८ साली पद्मश्री व १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. १९८८ साली दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ लागली, तेव्हा इथल्या मराठी घरांतून वागळ्यांच्या संसाराला मनमुराद हसलेले पुष्कळ जण आजही आहेत. ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. दुर्गाबाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.