विश्लेषण : ‘गाइड’चा मार्को आठवतो, मग दिग्दर्शक किशोर साहू का विसरले गेले?

‘गाइड’मध्ये (१९६५) बायकोपेक्षा लेण्यांत जास्त रमणारा रोझीचा नवरा मार्को अनेकांना आठवतो. ती भूमिका करणारे किशोर साहू त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ चित्रपट लिहीत आणि दिग्दर्शित करत होते. गोंदियापासून ते फार दूरचेही नव्हते.

हावडा-मुंबई मार्गावर गोंदियाहून पूर्वेला निघाले, की आमगाव, सालेकसा, दरेकसा ओलांडून डोंगरगड लागते आणि पुढे राजनांदगाव. १९१५ मध्ये जन्मलेले साहू त्याच भागात वाढले. राजनांदगाव तेव्हा संस्थान होते. शिक्षणासाठी ते नागपूरला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजच्या ‘जीवन प्रभात’मध्ये ते थेट देविकाराणींचे नायक म्हणून पडद्यावर आले!

नायक असताना दिग्दर्शन कशाला?

साहू मुळात लेखक. कथा लिहिणे त्यांनी नंतरही सोडले नाही. दुसऱ्याने लिहिलेले संवाद म्हणण्यावर त्यांचे समाधान होणे कठीणच होते. ‘कुंवारा बाप’ (१९४२), ‘राजा’ (१९४३), ‘वीर कुणाल’ (१९४५) असे चित्रपट त्यांनी एकामागोमाग केले. ‘सिंदूर’मध्ये (१९४७) विधवाविवाहाचा प्रश्न होता.

पुढच्याच वर्षी फिल्मिस्तानसाठी ‘नदिया के पार’ आला. मोबाइलवर हे नाव शोधले तर आधी १९८२ चा चित्रपट दिसतो, तो वेगळा. साहूंच्या चित्रपटात दिलीपकुमार ठाकुराचा मुलगा आणि कामिनी कौशल, आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर, ढिवराची पोर. संवादांत छत्तीसगढी बोलीचा वापर होता. मुंबईच्या हिंदी पडद्यावर ही बोली तेव्हा जवळपास ऐकूच येत नसे. साहूंनी ती मोठ्या नटांच्या तोंडी दिली आणि चित्रपट चाललाही.

मग गाडी कुठे अडली?

१९५४ मध्ये. त्या एका वर्षात त्यांनी स्वतःच्या निर्मितीत दोन धाडसे केली. ‘मयूरपंख’ची कथा भारतात आलेल्या विदेशी लेखिकेची आणि तिला आवडलेल्या विवाहित पुरुषाची. हा चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. दुसरे धाडस शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे. दिग्दर्शन साहूंचे, हॅम्लेटही तेच आणि ऑफेलिया तेव्हा नवख्या असलेल्या माला सिन्हा. गाणी आणि प्रेमकथा पाहायला आलेला प्रेक्षक डेन्मार्कच्या राजपुत्रासाठी थांबला नाही. तिकीटबारीवर ‘हॅम्लेट’ आपटला.

मोठे यश पुन्हा आले ते कमाल अमरोहींच्या संस्थेसाठी केलेल्या ‘दिल अपना और प्रीत पराई’मुळे (१९६०). परिचारिका आणि डॉक्टर यांची ही रुग्णालयातली कथा साहूंनी लिहिली आणि दिग्दर्शितही केली. मीनाकुमारी, राजकुमार आणि नादिरा यांच्याकडून त्यांनी जे काढून घेतले, ते आजही पाहण्यासारखे आहे. लक्षात मात्र राहिली शंकर-जयकिशन यांची गाणी. त्याच संगीतासाठी त्यांना फिल्मफेअर मिळाले आणि ‘मुघल-ए-आझम’चे नौशाद मागे राहिले.

पुढे साहूंनी मुलगी नयना हिला घेऊन ‘हरे काँच की चूड़ियाँ’ (१९६७) केला. पण तोवर काळ बदलला होता. ‘हरे रामा हरे कृष्णा’त (१९७१) ते देव आनंदच्या वडिलांच्या भूमिकेत दिसले.

आपल्याकडे नाव का उरले नाही?

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले गोंदिया मुंबई राज्यात आले, तर राजनांदगाव मध्य प्रदेशात राहिले. २००० मध्ये ते छत्तीसगडमध्ये गेले. नागपूरला शिकलेला, हिंदीत लिहिणारा, राजनांदगावचा हा माणूस मराठी चित्रपटांच्या इतिहासात बसत नाही आणि हिंदीच्या इतिहासात त्याला मार्कोने झाकून टाकले.

२२ ऑगस्ट १९८० रोजी बँकॉकमध्ये साहूंचे निधन झाले. त्यांनी लिहून ठेवलेले आत्मचरित्र छापून यायला त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. छत्तीसगड सरकार आता त्यांच्या नावाने चित्रपट दिग्दर्शनासाठी पुरस्कार देते.